झाडावर कुणी नाही

भागवताच्या दशम स्कंधात वस्त्रहरणाच्या आधी एक प्रसंग येतो. तो फारसं कुणी रेंगाळून सांगत नाही. हेमंतातला पहिला महिना, मार्गशीर्ष. व्रजातल्या मुलींनी कात्यायनीचं व्रत धरलं आहे. पहाटे उठून त्या एकमेकींना नावानं हाका मारतात, हातात हात गुंफून गात गात यमुनेवर जातात आणि गार पाण्यात उतरतात. पुढे कृष्ण येतो, काठावरची वस्त्रं उचलून कदंबावर चढतो आणि तिथून गोष्ट त्याची होते. मुली गळ्यापर्यंत पाण्यात कुडकुडत उभ्या आहेत, पण आता त्यांचं कुडकुडणं, लाजणं, विनवणं सगळं आपल्याला झाडावरून दिसतं. कीर्तनात, लघुचित्रांत, कॅलेंडरांवर आपण कायम त्या फांदीवरच बसलेले असतो.

युरोपच्या चित्रकलेतही नाहणाऱ्या बायकांच्या आसपास कुणीतरी दडलेलं असतंच. टिशियनच्या चित्रात डायना ही देवी सख्यांसह नाहते आहे आणि अ‍ॅक्टिऑन हा शिकारी पडदा सारून समोर येऊन ठेपतो. बायबलमधल्या सुझॅनाच्या कथेत दोन म्हातारे बागेत दबा धरून बसतात. आर्टेमिझिया जेंतिलेस्कीनं १६१० साली, ऐन कोवळ्या वयात, ती कथा रंगवली तेव्हा सुझॅनाचं सगळं अंग नकारानं पिळवटलेलं दाखवलं. पण म्हातारे चित्रात आहेतच. लंडनच्या नॅशनल गॅलरीत रेम्ब्राँटचं १६५४चं एक छोटं चित्र आहे. त्यातली बाई सदरा गुडघ्यांच्या वर धरून ओढ्यात उतरते आहे आणि खाली पाण्याकडे बघते आहे. आपल्याकडे तिचं लक्ष नाही. ते चित्र मला फार प्रिय आहे. तरी तीही एकटीच आहे, आणि तिला बघणारा चित्रकार तिच्यासमोर आहेच.

पुष्कळ बायका एकत्र पाण्यात आहेत आणि झाडावर कुणी नाही, असा देखावा त्याच लंडनच्या उत्तरेला, हॅम्पस्टेड हीथ या मोकळ्या माळरानावर, गेली शंभर वर्षं रोज घडतो आहे. त्या तळ्याचं नाव केनवुड लेडीज पॉन्ड. २०१९ साली डॉन्ट बुक्स या लंडनच्या प्रकाशनानं 'अ‍ॅट द पॉन्ड' हे छोटेखानी पुस्तक काढलं. चौदा लेखिकांनी या एकाच तळ्याबद्दल लिहिलेले लेख त्यात आहेत. मी रसग्रहण करते आहे ते या पुस्तकाचं, आणि तितकंच त्या तळ्याचंही. दोन्ही एकमेकांत इतकी मिसळली आहेत की एकाबद्दल बोलताना दुसरं आपोआप येतं.

आधी तळं. मिलफील्ड लेन नावाच्या, झाडांनी झाकलेल्या गल्लीतून फाटक लागतं. फाटकावर पाटी आहे: फक्त महिलांसाठी, पुरुषांनी यापुढे येऊ नये. आत झाडांतून खाली उतरणारी वाट, बाजूला उन्हात पडून राहायला गवताळ कुरण, पुढे कपडे बदलायची जागा, फलाट आणि पाण्यात उतरणारी शिडी. फळ्यावर त्या दिवशीचं पाण्याचं तापमान लिहिलेलं असतं. पाणी तापवलेलं नाही, तळाला फरशा नाहीत, उथळ बाजू नाही. शिडी सोडली की पाय टेकत नाहीत, म्हणून पोहता न येणारीला आणि आठ वर्षांखालच्या मुलीला इथे प्रवेश नाही. पोहताना पाणकोंबड्या शेजारून जातात. काठावर बायकाच जीवरक्षक म्हणून उभ्या असतात, आणि तळं बारमाही उघडं असतं.

हे तळं निसर्गानं दिलेलं नाही. लंडनला पिण्याचं पाणी पुरवण्यासाठी १६९२ साली हॅम्पस्टेड वॉटर कंपनी निघाली. फ्लीट या नदीचे उगमाकडचे झरे बांध घालून अडवले गेले, आणि सतराव्या-अठराव्या शतकांत हीथवर तळ्यांची रांग तयार झाली. खाली शहरात ती नदी पुढे गटार झाली, मग झाकली गेली. आज ती जमिनीखालून वाहत ब्लॅकफ्रायर्सच्या पुलाशी थेम्सला मिळते, आणि वर फ्लीट स्ट्रीट एवढं नाव उरलं आहे. म्हणजे या बायका ज्या पाण्यात पोहतात ते एका गाडल्या गेलेल्या नदीचं अजून उघडं असलेलं अंग आहे. पुस्तक वाचताना हे मनात ठेवावं. पृष्ठभाग साधा दिसला तरी खाली वाहतं पाणी आहे.

बायकांसाठी तळं रीतसर खुलं झालं ते १९२५ साली. हायगेटचं पुरुषांचं तळं १८९३पासून सुरू होतं. १९२५ साली इंग्लंडमध्ये तिशीच्या आतल्या बायकांना मतदानाचा हक्क नव्हता, तो १९२८ साली मिळाला. मधल्या १९२६च्या उन्हाळ्यात गर्ट्रूड एडर्ली ही अमेरिकन मुलगी इंग्लिश खाडी पोहून गेली. असं करणारी ती पहिली बाई, आणि तोवरच्या सगळ्या पुरुषांपेक्षा तिची वेळ कमी होती. त्या दशकात बायकांच्या पोहण्याला वर्तमानपत्रांत मथळे मिळू लागले होते. हीथवरच्या तळ्यात मात्र कुणीच मथळ्यासाठी पोहत नव्हतं. तिथे खाडी नव्हती, घड्याळ नव्हतं, पल्याड पोचायचंही नव्हतं.

आता पाण्याच्या रंगाकडे वळते, कारण माझ्या वाचनाचा सगळा भार त्यावर आहे. हे पाणी नितळ नाही. ते हिरवट, तपकिरी, कोऱ्या चहाच्या रंगाचं आहे. हात खाली सोडला की कोपरापाशी सोनेरी होतो, मनगटापाशी दिसेनासा होतो. स्वतःचे पाय स्वतःला दिसत नाहीत. तळ्याबद्दल लिहिणारी जवळजवळ प्रत्येकजण या रंगापाशी थांबते, आणि पुष्कळजणी आधी थोड्या बिचकतात, कारण खाली काय आहे ते कळत नाही. मला वाटतं, या तळ्याची सगळी किमया या गढूळपणात आहे. पोहण्याच्या हौदाचं निळं पाणी बाईला दाखवतं. काठावर बसलेल्याला तिचं पोट, मांड्या, वय, व्रण सगळं काचेतून दिसावं तसं दिसतं. या तळ्याचं पाणी मानेपासून खालचं सगळं आपल्याकडे ठेवून घेतं. वर उरतात ती डोकी, चेहरे आणि आवाज. यमुनेतल्या मुली गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या होत्या त्या लपण्यासाठी. इथे पाणी तितकंच आहे, पण लपायचं कुणापासून नाही, आणि म्हणून तेच पाणी पांघरूण न होता मोकळीक होतं. शरीर दिसायचं थांबतं आणि जाणवायला लागतं.

फाटकावरची पाटी पुरुषांची नजर बाहेर ठेवते, पण बाईच्या डोळ्यांत बसलेली, स्वतःकडे सतत बाहेरून बघणारी नजर फाटकावर थांबत नाही. तिला थांबवतं ते पाणी. पुस्तकात एस्थर फ्रॉइडचा लेख आहे, ऋतुचक्रातून पोहत जाण्याच्या आनंदाबद्दलचा. ही कादंबरीकार चित्रकार ल्युशियन फ्रॉइडची मुलगी. वडिलांच्या चित्रांसाठी ती मॉडेल म्हणून बसलेली आहे. मानवी देहाकडे इतक्या कठोरपणे पाहणारा चित्रकार विसाव्या शतकात क्वचितच झाला असेल. तिच्या लेखाला या माहितीची गरज नाही. पण मला ती ठाऊक असल्यामुळे, पाण्यात उतरल्यावर होणाऱ्या सुटकेबद्दल ती लिहिते तेव्हा माझ्या वाचनाला एक जास्तीची खोली येते, हे मी नाकारू शकत नाही.

पुस्तकाची मांडणी ऋतूंनुसार आहे, आणि ती निवड अचूक आहे. या तळ्याला कथानक नाही. रोज तेच फाटक, तीच शिडी, त्याच बायका. बदलतं ते फक्त पाणी, आणि त्या बदलावरच सगळं उभं आहे. जून-जुलैत कुरणावर पाय ठेवायला जागा नसते, फाटकाबाहेर रांग लागते, मुली टोळक्यांनी येतात. नोव्हेंबर उजाडला की गर्दी गळते आणि नेमानं येणाऱ्या उरतात. मार्गारेट ड्रॅबल आपल्या तरुणपणीच्या हॅम्पस्टेडकडे मागे वळून पाहते. सिंगापूरमध्ये जन्मलेली शार्लीन टिओ पहिल्यांदाच तळ्यावर जाते. लू स्टॉपर्ड बर्फ फोडून पाण्यात उतरणाऱ्या बायकांचं गुणगान करते. बर्लिनच्या आसपासच्या बावन्न तळ्यांत वर्षभर पोहून त्यावर पुस्तक लिहिणारी जेसिका ली इथे आहे. आठवणीतलं तळं, पहिल्या भेटीतलं तळं, सवयीचं तळं असे एकाच पाण्याचे वेगवेगळे थर पुस्तकात साचत जातात. सगळे लेख सारख्या ताकदीचे नाहीत. काहींत तळं निमित्तमात्र उरतं आणि लेखिका स्वतःकडेच फार वळते. पण ज्या लेखांत पाणी नायिकेच्या जागी राहतं, ते पुन्हा पुन्हा वाचावेत असे आहेत.

त्यातला नेल फ्रिझेलचा लेख मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. ती इथे जीवरक्षक होती, आणि तिनं तळं पाहिलं ते आपल्या पिवळ्या कनू होडीतून. म्हणजे या तळ्यावर पाहणारं कुणीच नाही असं नाही. एक बाई सतत पाहते आहे, तिचं कामच पाहणं आहे. पण ती झाडावर नाही, पाण्याच्या पातळीवर आहे. तिला हवं आहे ते एवढंच की डोकी वर आहेत ना, हात नीट पडताहेत ना, कुणी दमली नाही ना. डोळ्यांत तेल घालून पाहणं इथे राखण होतं. कदंबावरचं पाहणं आणि कनूमधलं पाहणं यांतल्या फरकावर हे अख्खं तळं तरतं आहे, आणि पुस्तकाच्या संपादनाचं मोठेपण असं की त्या नजरेलाही लेखिकांच्या पंक्तीत बसवलं.

हिवाळ्याकडे मला जास्त वेळ थांबायचं आहे. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. हे भाव नुसत्या हातवाऱ्यांनी उभे करता येत नाहीत. मन तिथे पोचलं तरच अंगावर उमटतात, असं शास्त्र म्हणतं. गारठलेल्या तळ्यात उतरणाऱ्या बाईवर नजर ठेवली तर स्वेद आणि अश्रू सोडून बाकी सगळे एकेक करून येतात. शिडीच्या शेवटच्या पायरीवर स्तंभ: त्वचेला गार पाणी लागताच श्वास एकदम आत ओढला जातो, छाती जागीच धरल्यासारखी होते, मग श्वास धापेनं सुटतो आणि हृदय धडधडतं. पहिली एक-दोन मिनिटं हेच चालतं, आणि सगळ्यांत जास्त धोका त्याच मिनिटांत असतो. म्हणून जाणत्या बायका हिवाळ्यात सूर मारत नाहीत, श्वास ताब्यात येईपर्यंत शिडी सोडत नाहीत. रोमांच सांगायला नकोच. स्वरभंग तर या तळ्याचं संगीत आहे. शिडीवर चाललेलं धड वाक्य पाण्यात मधेच तुटतं, त्याची किंकाळी होते आणि किंकाळीचं हसू. बाहेर आल्यावर वैवर्ण्य: खांदे, मांड्या लालबुंद. आणि वेपथू सर्वांत शेवटी, कपडे चढवताना, कारण पाण्याबाहेर आल्यावरही शरीराच्या आतलं तापमान काही वेळ उतरतच राहतं. तेव्हा बोटांना बटण लागत नाही. शेजारची बाई न विचारता ते लावून देते, थर्मासमधला चहा पुढे करते. राहिला प्रलय, म्हणजे शुद्ध हरपणं. पाण्यात जास्त वेळ रेंगाळलं तर तोही फार लांब नसतो, आणि फळ्यावर तापमान लिहिलेलं असतं ते त्यासाठीच.

रंगभूमीवर भाव आधी मनात उगवतो आणि मग अंगावर येतो. तळ्यावर हा प्रवास उलटा होतो. अंग आधी थरारतं, आणि मन मागून धावत येऊन विचारतं, काय झालं? घरची चिंता, आजार, ऑफिसातला अपमान घेऊन आलेल्या बाईला त्या दोन मिनिटांत चिंता करताच येत नाही, कारण श्वास घेणं हेच पूर्ण वेळचं काम होऊन बसतं. आणि श्वास परत आला की त्याच्यामागून जे येतं त्याला बहुतेकजणी शांतता म्हणतात. माझं मत थोडं वेगळं आहे. मला त्यात शांतापेक्षा हास्य जास्त दिसतं. हिवाळ्यातल्या तळ्याबद्दलच्या लेखनात हसण्याचे उल्लेख सारखे येतात, आणि ते सभ्य हसणं नाही. चारचौघींत तोंडावर हात ठेवून हसायला शिकवलेल्या बायका इथे तोंड उघडून हसतात, आणि पाण्यात हात मोकळे नसल्यामुळे ते झाकताही येत नाही.

थंड पाण्यानं बरं वाटतं, हे तळ्यावरच्या बायका कितीतरी वर्षं सांगत आल्या आहेत. वैद्यकशास्त्र आता कुठे पाय भिजवतं आहे. २०१८ साली 'बीएमजे केस रिपोर्ट्स'मध्ये नैराश्याच्या गोळ्या घेणाऱ्या एका चोवीस वर्षांच्या तरुणीची हकीगत छापून आली. ती नियमानं थंड, उघड्या पाण्यात पोहू लागली, तिची लक्षणं कमी झाली आणि पुढे गोळ्याही सुटल्या. ही एकाच रुग्णाची हकीगत आहे. २०२४ साली युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या जॉइस हार्पर यांच्या गटानं थंड पाण्यात पोहणाऱ्या १,११४ बायकांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या ७८५ रजोनिवृत्तीच्या टप्प्यातल्या होत्या. त्यांपैकी जवळपास निम्म्या, ४६.९ टक्के बायकांनी सांगितलं की चिंता कमी झाली. या बायका मुळात पोहणाऱ्या, म्हणजे पोहणं आवडणाऱ्या, हे ध्यानात ठेवूनच तो आकडा वाचायचा. पण त्यात थंडीचा वाटा किती, आणि बटण लावून देणाऱ्या शेजारणीचा किती, हे वेगळं काढायचं कसं? मला तरी ते निघेल असं वाटत नाही, आणि निघावं असंही वाटत नाही.

कारण इथला सहवास मैत्रीच्या नेहमीच्या साच्यात बसत नाही. वर्षानुवर्षं एकमेकींना भेटणाऱ्या बायकांना एकमेकींचं आडनाव ठाऊक नसतं. टोपी ठाऊक असते, यायची वेळ ठाऊक असते, कुणाचा गुडघा दुखतो ते ठाऊक असतं. एखादी चार दिवस दिसली नाही की मात्र चौकशी होते. आणि कपडे बदलायच्या जागेत विशीची मुलगी ऐंशीच्या बाईशेजारी उभी असते. सैल पडलेली त्वचा, शस्त्रक्रियेनंतर सपाट झालेली छाती, बाळंतपणाच्या खुणा. जाहिरातीत आणि सिनेमात जे कधी दाखवत नाहीत ते इथे टॉवेलाइतकं साधं असतं. त्या मुलीला आपलं पुढचं आयुष्य समोर दिसतं, आणि ते हसत हसत शिडीकडे चाललेलं दिसतं. केनवुडच्या बंगल्यात, तळ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, रेम्ब्राँटनं उतारवयात काढलेलं स्वतःचं चित्र आहे. सुटलेला चेहरा, पांढरे केस, आणि कसलीही मनधरणी नाही. वयाकडे इतक्या सरळ पाहायला त्याला आयुष्यभराची कला लागली.

तळ्यावर वादही आहेत. पूर्वी पैसे ज्याचे त्यानं प्रामाणिकपणे टाकायचे अशी रीत होती. २०२० साली हीथची व्यवस्था पाहणाऱ्या सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशननं तिकीट सक्तीचं केलं तेव्हा नेहमीच्या बायका संतापल्या. कमी पैशांत रोज मिळणारं हे सुख गरीब बाईच्या हातून जाईल ही त्यांची भीती रास्त होती. आणि 'फक्त महिला' या पाटीत ट्रान्स स्त्रिया येतात का, यावरून गेली काही वर्षं मोठं रण पेटलं आहे. समानता कायद्यातल्या 'स्त्री'चा अर्थ जैविक लिंगावरून ठरवणाऱ्या २०२५च्या ब्रिटिश सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ते आणखी तापलं. दोन्ही बाजूंना या तळ्यावर जीव असलेल्या बायका आहेत. पुस्तक २०१९चं असल्यामुळे या वादाचा पुढचा भाग त्यात असणं शक्य नाही. त्या वादानंतरचे लेख जोडून नवी आवृत्ती निघाली तर ती जास्त खरी होईल.

मराठी वाचक म्हणून हे पुस्तक मिटताना मला पालिकेच्या तलावांवरची 'लेडीज बॅच' आठवत राहिली. आपल्या शहरांत बायकांच्या वाट्याला पाण्यातली वेळ येते, जागा येत नाही. तासाभराची बॅच, शिट्टी वाजली की बाहेर, पुढच्या बॅचची माणसं दारात उभी. तरीही त्या तासात काय काय घडतं! पन्नाशीत पहिल्यांदा पाण्यात तोंड घालणाऱ्या बायका, कडेचा दांडा घट्ट धरून तासभर गप्पा मारणाऱ्या, पोहण्याच्या पोशाखावरून घरी भांडून आलेल्या, सुनेला सोबत घेऊन येणाऱ्या सासवा. आणि गावाकडे विहिरीत पाठीला सुका भोपळा बांधून पोहायला शिकलेली, आता नातवंडांना ते सांगणारी पिढीही अजून आहे. या बायकांचा ऋतू, त्यांचं पाणी, त्यांच्या तुटलेल्या किंकाळ्या आपल्या ललित लेखनात फार थोड्या आल्या आहेत. चौदाजणींनी मिळून एका तलावाच्या एका बॅचवर लिहिलेलं पुस्तक मराठीत निघालं, आणि त्यात काठावर शिट्टी घेऊन उभ्या असलेल्या बाईचाही लेख असला, तर मी ते आधी शेवटाकडून, तिच्या लेखापासून वाचायला घेईन.